दोन बीमचा माग

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी हातात चिठ्ठी देऊन एका गृहस्थांना मागच्या खोलीत पाठवलं. चिठ्ठीवर होतं ते असं: ‘पुरुष, ४७. धडधड, छातीत दडपण, झोप नाही. ईसीजी दोनदा, टूडी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन नॉर्मल. बीपी १५०/९४. बघावे.’

सोलापूरच्या पूर्व भागात एका फिजिशियनच्या दवाखान्यामागे दहा बाय आठची खोली आहे. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मी तिथे समुपदेशनासाठी बसते. भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना, दिवसभर खटाक-खटाक. सुरुवातीला मला वाटायचं, असल्या आवाजात कोण कशाला मनातलं बोलेल? मग लक्षात आलं की इथल्या लोकांना हा आवाज ऐकूच येत नाही. तो थांबला की मात्र सगळे दचकून वर बघतात. लाईट गेली म्हणजे मजुरी बुडाली.

गृहस्थांना गल्लीत सगळे अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच. या भागात दर गल्लीला चार अण्णा निघतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. शिवाय घरचे काही तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे. “लिहा की. पण माझं बीपी लिहा, कर्ज लिहू नका,” असं आधी म्हणाले. दोन दिवसांनी निरोप आला, “कर्ज पण लिहा.”

अण्णा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला, पट्टा सैल झाला, धोटा उडाला की ज्याला हाक मारतात तो माणूस. सव्वीस वर्षं हेच काम. बायको घरी विड्या वळते. विडी कारखान्याच्या शाखेतून पानं-तंबाखू आणायची आणि हजाराच्या हिशेबानं वळून द्यायची. मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं, मुलगा डिप्लोमाला. घरात तेलुगू, कामावर मराठी, शेजारी कन्नड आणि दख्खनी, म्हणजे चारचौघा सोलापूरकरांसारखंच.

खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, “डॉक्टर म्हणतेत टेन्शन घेऊ नका. मी कुठं घेऊलालो मॅडम? ते येऊलालंय.”

तीन महिन्यांपासून रातपाळीत पहाटे तीनच्या सुमारास छाती धडधडायला लागायची. हातपाय गार, तोंडाला कोरड, घाम. दोनदा कारखान्यातल्या पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा ईसीजी सरळ आला आणि दोन्ही वेळा परतताना अण्णांना आजारापेक्षा लाज जास्त वाटली. मोठा भाऊ पन्नाशीत हार्ट ॲटॅकने गेलेला. म्हणजे छातीत जरा काही झालं की मनात पहिलं चित्र उभं राहायचं ते भावाचं.

आम्ही दोन प्रश्नावल्या भरल्या. चिंतेसाठीची जीएडी-७ (० ते २१ गुण) त्यांना १६ गुणांवर दाखवत होती. पंधरापासून पुढे चिंता तीव्र धरतात. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ (० ते २७) १२ वर, म्हणजे मध्यम. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे, आणि त्याला मी कधीच वळसा घालत नाही. पुष्कळांना वाटतं, विचारलं की डोक्यात नसलेलं भरून जाईल. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं. अण्णा बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिले. मग म्हणाले, “मरावं असं नाही. पण झोपेतच गेलो तर सुटंन, असं दोन-तीनदा वाटलं.”

हे ऐकल्यावर प्राणायाम शिकवून घरी पाठवणं म्हणजे बेजबाबदारपणा. त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांच्या संमतीने बायकोच्या कानावर घातलं. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिला. ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांनी कमी मात्रेत एक गोळी चालू केली आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतील हे स्वच्छ सांगितलं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं.

चूक त्यानंतर झाली, आणि ती माझी. अण्णांच्या फोनवर मी वीस मिनिटांचा एक ऑडिओ टाकून दिला. डोळे मिटा, पाठ सरळ ठेवा, श्वासाकडे लक्ष द्या. मागे बासरी, पुढे पुणेरी वळणाचा मऊ आवाज. रोज रात्री झोपण्यापूर्वी ऐका म्हटलं. माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिका, बँकेतले क्लार्क, नीटची तयारी करणारी मुलं यांना तो बऱ्यापैकी लागू पडला होता, म्हणून यांनाही दिला. अण्णा पुढच्या सोमवारी आले ते डोळे लाल करून.

“त्या बाई म्हणतेत, श्वास आत येतोय, श्वास बाहेर जातोय. मला वाटलं, आता बाहेर गेला तो परत येतच नाही.”

तीन रात्री त्यांनी तो इमानदारीने ऐकला होता आणि तिन्ही रात्री धडधड झाली होती. तिसऱ्या आठवड्यात जीएडी-७ चे गुण १७ झाले. मी उपचार सुरू केल्यावर एक वाढला!

असं का होतं, हे खरं तर मला आधीच सुचायला हवं होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं एक साधं चक्र मांडलं. शरीरात एखादी किरकोळ हालचाल जाणवते, म्हणजे एखादा ठोका चुकतो किंवा जिन्याने धाप लागते. मन तिचा अर्थ ‘हा ॲटॅकच’ असा लावतं. भीतीने अड्रेनलिन वाढतं, ठोके आणखी जोरात पडतात, आणि मनाला पुरावा मिळतो की बघ, मी म्हणत होतो. या माणसाला डोळे मिटून, अंधारात, रात्री, छातीकडे लक्ष देऊन बसवणं म्हणजे खिडकीशी उभं राहून चोराची वाट बघायला लावणं. ध्यान सगळ्यांना निरपवाद मानवतं, ही समजूत चुकीची आहे. काहींची अस्वस्थता त्याने वाढते, हे संशोधकांनीही नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडे ते कुणी फारसं बोलत नाही, कारण ध्यानावर शंका घेतली की संस्कृतीवर घेतल्यासारखं होतं.

माइंडफुलनेसचं आजचं दवाखान्यातलं रूप जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात उभं केलं. जुन्या दुखण्यांचे, औषधांनी पुरतं न सुटलेले रुग्ण. आठ आठवडे, गट, समोर शिकवणारा माणूस, विचारायला जागा. आपल्या फोनपर्यंत पोचताना त्यातलं माणूस आणि गट हे दोन्ही गळून पडलं आणि बासरी आली. मूळ कल्पना तर आपल्या शेजारचीच: पालीतला ‘सती’, म्हणजे स्मृती, लक्षात असणं. मराठीत हल्ली ‘सजगता’ म्हणतात. मला तो शब्द वीज मंडळाच्या पाटीवरचा वाटतो. मी ‘भान’ म्हणते. माणूस भानावर येतो, त्याचं भान सुटतं, त्याला वेळेचं भान राहत नाही. भाषेने आधीच सगळं सांगून ठेवलंय.

त्या सोमवारी ऑडिओ पुसून टाकला आणि पुढे काय करायचं ते मला खरंच कळेना. भिंतीपलीकडे माग चालू होते. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “अण्णा, पलीकडे किती माग चालू आहेत?”

त्यांनी मान जराशी तिरकी केली. डोळे उघडेच. मिनिटभर, कदाचित दीड मिनिट, खोलीत कुणी बोललं नाही.

“अकरा चालू आहेत. एक बंद आहे. आणि त्या कोपऱ्यातल्याचा पिकिंगचा पट्टा सैल झालाय, आज-उद्या तुटंल.”

“या मिनिटभरात छातीत काय होत होतं?”

“लक्ष नव्हतं.”

“लक्ष होतं की. तिकडे होतं.”

ते हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. सव्वीस वर्षं ज्याने आवाजावरून बिघाड ओळखला, त्याला मी लक्ष द्यायला शिकवत होते!

सकारात्मक मानसशास्त्रात ज्याला बलस्थानं म्हणतात, ती हुडकायची हीच रीत मला पटते. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये २४ गुणांची मोठी सूची केली, तिची प्रश्नावलीही आहे. पण टिकमार्क करून बलस्थान सापडलेला माणूस मला अजून भेटायचाय. ते हातांत किंवा कानांत असतं.

काटेकोर मंडळी म्हणतील, मागाचा आवाज ऐकणं म्हणजे नुसतं लक्ष दुसरीकडे वळवणं, ते माइंडफुलनेस नाही. बरोबर आहे. पण सुरुवात बाहेरून केली की आत यायला वाट राहते. पहिला आठवडा फक्त आवाज. दुसऱ्या आठवड्यात तळपाय: मागापाशी उभं असताना फरशी पायाला कशी लागते, कंप कुठवर जाणवतो. मग हात. कबात-झिन मनुका देतात, एकेक मनुका बघून, हुंगून, सावकाश चावायला. मी भाजलेला शेंगदाणा दिला. सोलापुरात मनुक्याला कोण विचारतो! अण्णांनी तो बोटांत फिरवला, साल काढली, दोन फाका केल्या, मधला कोंब बाजूला ठेवला आणि म्हणाले, “हा जरा जास्त भाजलाय. चटणीला चालणार नाही.” श्वासाकडे आम्ही पाचव्या आठवड्यात आलो, तेही डोळे उघडे ठेवून. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती खाली येते, यात चमत्कार नाही. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला लगाम घालते. मोजायचं कसं? मराठीत मोजताना ते मधेच हिशेबात शिरायचे, कारण पगार आणि व्याज मराठीत. तेलुगूत मोजा म्हटलं. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आईच्या भाषेत व्याज नव्हतं.

व्याजाचं मात्र बोलायलाच हवं होतं. ते निघालं ते माझ्या एका फसलेल्या उपमेतून. एका गुरुवारी मी जरा ऐटीत म्हटलं, “अण्णा, ताण्याला ताण हवाच, पण जास्त झाला की धागा तुटतो, तसं माणसाचं.” वाटलं, विणकराला विणकरीची उपमा, काय छान जमली. अण्णांनी माझ्याकडे नवख्या कामगाराकडे बघावं तसं बघितलं.

“धागा सारखा तुटला की नवीन पोरगं धाग्याला शिव्या देतं. जॉबर आधी बाकीचं बघतो. खळ कमी लागली का. बीमवर वजन जास्त झालं का. फणीला कुठं खरचटतंय का. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली का. धाग्याचं शेवटी बघायचं.”

मग त्यांनी टेबलावरचा माझाच रुमाल ओढला, टेरीचा, आणि त्यावरचे उभे लूप बोटाने दाखवले. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एक घट्ट, एक सैल. घट्ट बीमचा ताणा कापड धरतो. सैल बीमचा ताणा ढिला सुटत येतो; दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, फणी जरा लांब ठेवते, तिसऱ्याला एकदम आत ठोकते, तेव्हा त्या ढिल्या धाग्याचे लूप उभे राहतात. पाणी शोषतात ते लूप. “दोन्ही आवळले तर सपाट कापड. दोन्ही ढिले सोडले तर कापडच नाही.”

रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या: परिस्थितीवर काम करणं आणि आपल्या भावनेवर काम करणं, आणि कुठली वाट कधी, हे परिस्थिती आपल्या हातात किती आहे यावर ठरतं. हे मी कित्येक कार्यशाळांत फळ्यावर चौकोन काढून शिकवलंय. रुमालावर कुणी मला समजावलं नव्हतं.

आम्ही कागदावर दोन बीम काढले. सैल बीमवर गेलं ते हातात नसलेलं: भावाचं जाणं, मुलीच्या सासरचे काय बोलतात ते, मालक साधे माग भंगारात काढून रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे नवे माग, आणणार का. घट्ट बीमवर हातातलं: रातपाळी, चहा-तंबाखू, नळाला पाणी यायची रात्र. आणि मग, लिहायचं की नाही असं करत, शेवटी: सावकार.

मुलीच्या लग्नाला दीड लाख घेतले होते, महिना शेकडा पाचाने. म्हणजे महिन्याला साडेसात हजार नुसतं व्याज. चौदा महिन्यांत १ लाख ५ हजार भरून झाले होते आणि मुद्दल जागच्या जागी. बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. लग्नाचा खर्च कारखान्यातून उचल घेऊन केला असं तिला सांगितलेलं. संध्याकाळी साडेसातला फोन वाजला की अण्णा तो घेऊन गल्लीच्या टोकाला जायचे. बायकोला वेगळाच संशय येऊ लागला होता, ते तिने मला नंतर सांगितलं.

इथे श्वास मोजून काय होणार? शेकडा पाच दराला ध्यान हा उतारा नाही. माझ्या क्षेत्रातले लोक कधीकधी हे विसरतात, आणि ‘तणाव ही तुमची प्रतिक्रिया आहे’ असं म्हणून मोकळे होतात. काही वेळा तणाव ही प्रतिक्रिया नसते, हप्ता असतो.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, एवढं मी सांगितलं. अण्णांनी तक्रार केली नाही. माणूस त्याच गल्लीतला, मुलगा शिकतोय, नको म्हणाले. मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण निर्णय त्यांचा. त्यांनी दुसरं धाडस केलं, बायकोला माझ्यासमोर सांगितलं. ती बाई आधी गप्प झाली. मग पाच मिनिटं तेलुगूत जे बोलली ते मला कुणी भाषांतर करून दिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. शेवटी मराठीत म्हणाली, “एवढंच होय? मला वाटलं दुसरीच भानगड आहे.” पंधरा दिवसांत तिने बांगड्या बँकेत तारण ठेवल्या, उरलेले बचत गटातून उचलले. व्याज चौथ्या हिश्श्यावरही राहिलं नाही. डिसेंबर संपायच्या आत मुद्दल फिटलं. चौदा महिने एकट्याने पाठीवर वाहिलेलं ओझं दोघांनी पंधरा दिवसांत खाली ठेवलं, आणि त्यात माझा वाटा खुर्ची देण्याएवढाच.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. रातपाळीत आठ-नऊ चहा व्हायचे, शिवाय चुना-तंबाखू. कॅफीन आणि निकोटीन दोन्ही हृदयाची गती वाढवतात. रात्री तीनच्या धडधडीत त्यांचाही हात होताच. चहा तीनवर आला. तंबाखू कमी झाली, सुटली नाही. मालकाशी बोलून एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र असं ठरलं. कामाचा रेटा जास्त आणि हातात काही नाही, अशा नोकऱ्या माणसाला सर्वांत जास्त पिळतात, हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं. जॉबरचं काम त्यातच मोडतं. माग कधी बिघडेल ते त्याच्या हातात नाही, बिघडला की मात्र सगळे त्याच्याकडेच बघतात.

आणि पाणी. उजनी धरण भरून वाहिलं तरी सोलापूरच्या नळाला काही दिवसांआडच पाणी येतं, आणि बऱ्याच भागांत ते अवेळी. अण्णांकडे रात्री दोन-अडीचला. पाण्याच्या रात्री घरातलं कुणीतरी जागं हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी अण्णा. झोपेचे नियम सांगणाऱ्या पुस्तकात ‘रोज ठरावीक वेळी झोपा’ असतं. नळाला तसं कुणी सांगितलेलं नसतं. मुलाने एकाआड एक पाळी उचलावी, असं ठरलं. पोरगं आधी कुरकुरलं.

उरलेल्या चिंतांसाठी वेळ बांधून दिली. हे तंत्र थॉमस बोर्कोवेक यांनी १९८० च्या दशकात मांडलं: दिवसातली अर्धा तास एक वेळ, एक जागा, काळजी तिथेच करायची, बाकी वेळी आली तर ‘तेव्हा ये’ म्हणायचं. अण्णांनी गच्चीवरची पाण्याची टाकी निवडली आणि तिला नाव दिलं ‘चिंतेची शिफ्ट’, साडेसहा ते सात. पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरला नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाले, “वीस मिनिटांतच कच्चा माल संपतो.”

रोजच्या तीन चांगल्या गोष्टींची वही मला थोडी भीतभीतच सुचवावी लागली. ‘पॉझिटिव्ह राहा’ असल्या सकाळच्या मेसेजेसनी लोकांना इतकं पिडलंय की सकारात्मक म्हटलं की माणूस आधी हात जोडतो. पण सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या साध्या कृतीचा गुण दिसला होता: आठवडाभर रोज रात्री तीन बऱ्या गोष्टी आणि त्या ‘का घडल्या’ हे लिहिणाऱ्यांचं नैराश्य कमी झालं आणि फरक सहा महिने टिकला. जे आठवड्यानंतरही आपणहून लिहीत राहिले, त्यांना फायदा जास्त. लोक गोष्टी लिहितात आणि ‘का’ सोडून देतात. खरं काम ‘का’ करतो.

अण्णांच्या वहीचं पहिलं पान: ‘१) काही नाही. २) काही नाही. ३) लाईट गेली नाही.’ का घडलं? ‘माहीत नाही.’ दहाव्या दिवशी: ‘पाणी भरायला पोरगं न बोलवता उठलं.’ का घडलं? इथे तीन ओळी खोडलेल्या, आणि खाली: ‘मी त्याला सांगितलं होतं की मला जमत नाही. आधी कधी सांगितलं नव्हतं.’

ते पान मी दोनदा वाचलं.

मग जानेवारी आला आणि सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, आणि तळ्याकाठी मावेल तेवढं आणि न मावणारं गाव. अण्णा बायको आणि मुलीला घेऊन गेले. कर्ज फिटून दोन आठवडे झाले होते, गोळी चालू होती, सगळं सुरळीत होतं. आणि गर्दी दाटल्यावर, ‘हर्र बोला हर्र’चा गजर चढल्यावर, छाती धडधडायला लागली.

“मला वाटलं होतं, सावकाराचं फिटलं म्हणजे हे पण फिटलं,” ते गुरुवारी म्हणाले. हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. कारण गेलं तरी सवय मागे राहते. शरीराने तीन-चार महिन्यांत धोक्याचा एक रस्ता पक्का करून ठेवलेला असतो, आणि रस्ता हप्ता भरून बंद होत नाही. तिथे मात्र तो पाच आठवड्यांचा सराव उपयोगी पडला. पळून जायला जागाच नव्हती, हेही एका अर्थी बरं झालं. अण्णांनी मुलीचा हात धरला, चपला काढल्या आणि तळपाय जमिनीवर टेकवले. आवाज ऐकायला लागले: गजर, मागे रडणारं पोर, लांब कुठेतरी सनई. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. धडधड घालवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. “म्हटलं, तू पण बघ अक्षता.” आठ-दहा मिनिटांत ती चढली आणि उतरली. हा माणूस पहिल्यांदाच धडधड संपेपर्यंत तिच्याजवळ थांबला होता. याआधी दोनदा तर रिक्षाने मधेच उचलून नेलं होतं, त्यामुळे ती आपोआप संपते हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर जीएडी-७ दहावर होता, मार्चअखेर सहावर. पीएचक्यू-९ बारावरून पाचवर, नवव्या प्रश्नाला शून्य. बीपी १३२/८६. डॉक्टर खूश.

हे कशामुळे झालं? मला नेमकं सांगता येणार नाही. गोळी, फिटलेलं कर्ज, कमी झालेला चहा, बायकोशी झालेलं बोलणं, भानाचा सराव, सगळं सहा-आठ आठवड्यांत एकमेकांत गुंतून घडलं. एका माणसाच्या प्रकरणातून धागे सुटे करता येत नाहीत, आणि जो येतात म्हणतो तो कोर्स विकत असतो. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी इतक्यात बंद करायची नाही असं सांगितलंय आणि अण्णांनी ते ऐकलंय. माझा अंदाज एवढाच: कर्ज फिटल्याशिवाय सराव टिकला नसता, आणि सरावाशिवाय गड्ड्यातून ते पुन्हा रिक्षात गेले असते.

माझ्या पद्धतीत झालेला बदल सांगते. पहिल्या भेटीत आता मी कुणालाही डोळे मिटायला लावत नाही. छातीची भीती असलेल्यांना तर नाहीच. आणि पैशांबद्दल पहिल्याच दिवशी विचारते. लोकांना वाटतं ही बाई फी काढायला बघतेय, पण विचारते.

रॅपियरचा प्रश्न तसाच आहे. फेब्रुवारीत मालकाने जुने सहा माग किलोच्या भावाने विकले. अण्णा ते ट्रकमध्ये चढताना बघत उभे होते. त्या रात्रीच्या वहीत चांगल्या गोष्टी दोनच आहेत, तिसरी जागा रिकामी. मुलाच्या कॉलेजातल्या एका मास्तरांकडे रविवारी नवीन मागांचं इलेक्ट्रॉनिक्स समजून घ्यायला जातात. सत्तेचाळीसाव्या वर्षी पोराच्या मास्तरांपुढे वही घेऊन बसायला कसं वाटतं, असं मी विचारलं. “लाज वाटते,” म्हणाले, “पण धडधडत नाही.”

मेमध्ये, पारा ४३ च्या पुढे गेला होता त्या आठवड्यात, सकाळी सातला त्यांचा फोन आला. रात्री अडीचला पाणी आलं होतं, त्यांचीच पाळी होती, आणि पाइप लावता लावता छातीत सुरू झालं.

“मग काय केलंत?”

“पायरीवर बसलो. मोजलं. जाईना लगेच. मग बायकोला उठवलं, म्हटलं आज तू भर, मला बसायचंय.”

“आणि?”

“ती भरत होती, मी बसलो होतो. नंतर झोप लागली. येऊ का मॅडम दाखवायला?”

घाई नाही, पण येऊन जा, म्हटलं. गुरुवारी दुपारी या.

“गुरुवारी पाणी आहे,” अण्णा म्हणाले. “सोमवारी येतो.”